सुनीतीने मांडून दिलेलं घर

हं... बुक्का लावून झाला, हार गळ्यात पडला. पेटीवाले अण्णा, जरा हळू धरा, आता गाणं थोडं आणि गोष्ट जास्त आहे.

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. आपलं माणूस दूर गेलं. त्याच्या हातची वस्तू मागे राहिली. ती वस्तू आपण पुसतो, जपतो, कोणाला हात लावू देत नाही. मला सांगा, वस्तू जपली म्हणजे माणूस जपलं का? बघा, माना डोलायला लागल्या! थांबा, एवढ्यात डोलवू नका. आधी मुळ्येसरांची गोष्ट ऐका.

शशिकांत मुळ्ये. देवरुखच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि एक नाद घेतला – आपल्या डोंगरातल्या झाडांच्या नावांचा कोश करायचा. वरच्या वाडीत एका झाडाला एक नाव, खालच्या वाडीत दुसरं, आणि दोन्ही वाड्या म्हणणार आमचंच खरं! सर काठी घेऊन हिंडायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे, घरी येऊन कॉम्प्युटरवर लिहायचे.

लिहायचं कशात? तर त्यांची मुलगी सुनीती हिने त्यांना एक एडिटर बसवून दिला होता. एडिटर म्हणजे? मजकूर लिहायची जागा हो. पण हा साधा नव्हे. हा कसा, की नवं बांधलेलं रिकामं घर! चूल कुठे मांडायची, खुंटी कुठे ठोकायची, उंबरा किती उंच – ज्याचं त्याने ठरवायचं. पाहिजे ती सोय पॅकेज म्हणून वरून आणून जोडायची. आणि घर कसं चालवायचं त्याच्या सूचना एका फाइलीत लिहून ठेवायच्या, तिला म्हणतात कॉन्फिग. कळलं? नाही कळलं तरी चालेल. मलाही भाच्याने तीनदा सांगितलं तेव्हा कळलं!

सुनीतीची आई तोवर गेलेली. घरात दोघंच. दुपारी बाप लिहायचा आणि लेक शेजारी खुर्ची ओढून बसायची. सर कुठे अडतात ते बघायची. ‘फु’ लिहिलं की ‘फुलोऱ्याचा काळ’ आपोआप उमटेल, असं करून दिलं. सरांना ‘ऱ्य’ कधी सापडायचा नाही, तो एका बटणावर आणून ठेवला. जे पॅकेज तयार मिळेना ते तिने स्वतः लिहिलं. आणि दुपार कलली की पडद्याच्या तळाशी एक ओळ आपोआप यायची – ‘बाबा, चहा झाला का?’

मग सुनीतीला फिनलंडमध्ये काम मिळालं. तिला जायचं होतं. सरांना वाटत होतं, ही इथेच राहील. तसं कधी म्हणाले नाहीत, पण धरून चालले होते. आपण असंच करतो, नाही का? सांगायचं काही नाही, आणि समोरच्याने ऐकलं नाही म्हणून रागवायचं! निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या आणि सर एवढंच बोलले, “जा. आता या घरात तुझं काही राहिलं नाही.”

ती वाकून नमस्कार करून गेली.

तिकडून फोन यायचे. सर म्हणायचे, बरा आहे, आणि ठेवून द्यायचे. हळूहळू फोन विरळ झाले. मग दिवाळीपुरते राहिले.

पण मंडळी, तो एडिटर! सकाळी अंघोळ झाली की सर त्याच्यासमोर बसायचे. ‘अपडेट करू का’ असं तो विचारायचा, सर ‘नको’ म्हणायचे. कॉम्प्युटरचा दुकानदार बाळा शेट्ये सांगून थकला की सर, मशीन जुनं झालंय, बदलू या. सर ऐकेनात. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला. अक्षर दिसेना. पडद्याला नाक लावून लिहायचे. शेट्ये म्हणाला, अहो, अक्षर मोठं करून देतो, मिनिटाचं काम. सर म्हणाले, नको, आहे तसं राहू दे. तिने अक्षराचं माप ठरवलं होतं ना! ते कसं बदलायचं?

आणि एका पावसाळ्यात वीज पडली आणि मशीन जळालं.

कोश वाचला. शेट्येने आतली मजकूर साठवायची तबकडी काढून सगळा मजकूर नव्या मशीनवर आणला. एक शब्द गेला नाही. पण नवा एडिटर जुनी पॅकेजं ओळखेना. उघडला की लाल ओळी. ‘फु’ लिहिलं की ‘फु’च! सरांनी कॉन्फिग उघडून पाहिली. सगळे कंसच कंस. ज्याने आयुष्यभर पानांच्या शिरा वाचल्या, त्याला लेकीच्या चार ओळी वाचता येईनात. दुपार कलली. पडद्याच्या तळाकडे बघत बसले. तिथे काही आलं नाही.

शेट्ये भला माणूस. त्याने जगात हजारो लोक वापरतात ती तयार मांडणी आणून बसवली. देखणी होती. रंग काय, चित्रं काय! सरांनी दोन दिवस वापरली आणि म्हणाले, “काढून टाक रे. सगळं आहे यात, पण हे कोणाचंच घर नाही.”

तेव्हा मग त्यांनी फोन उचलला. दिवाळी नसताना.

ती घाबरलीच. काय झालं, बरं वाटत नाही का, असं विचारू लागली. सर म्हणाले, एडिटर बिघडलाय. मग ती म्हणाली, लाल ओळ वाचून दाखवा. सर इंग्रजी एकेक अक्षर वाचायला लागले. चुकत होते. पुन्हा वाचत होते. शेवटी तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला अक्षर दिसत नाहीये का?”

“नाही दिसत.”

“कधीपासून?”

“झाली की वर्षं.”

“मग मोठं का नाही केलंत?”

“तू ठेवलं होतंस तेवढं.”

मग ती म्हणाली, “ते मी तेव्हाच्या तुमच्यासाठी केलं होतं, बाबा. आताचे तुम्ही मला माहीतच नाही. मला फोन का नाही केलात?”

आता ऐका हं, हा माणूस काय म्हणाला. म्हणाला, “तू केलेलं सगळं समोर होतं. मला वाटायचं, तू आहेसच.”

“मी नव्हते, बाबा. मी इथे होते. वाट बघत.”

मंडळी, एवढा कोश लिहिणारा माणूस रडला. रडत रडत म्हणाला, या घरात तुझं काही नाही असं बोललो, आणि रोज तुझ्याच घरात बसत होतो.

तिने सांगितलं की तिने लिहिलेलं पॅकेज तिने केव्हाच सोडून दिलं, आता त्याची देखभाल करणारं कोणी नाही, नव्याने मांडावं लागेल. म्हणाली, मी सांगते, तुम्ही लिहा. आणि लिहिलं हो सरांनी! पहिली ओळ लिहिली ती अक्षर मोठं करण्याची. एक कंस राहिला, सगळं बंद पडलं, दोघं हसली. डोळ्याचं ऑपरेशन झालं. दर रविवारी फोन. तिथल्या बर्फातल्या झाडांना मराठीत काय म्हणू, असं ती विचारायची, आणि सर म्हणायचे, तू बघतेस, तूच नाव ठेव.

ती परत आली का? नाही आली. खोटं कशाला सांगू? सर अजून दुपारी एकटेच बसतात, आणि जीव अजून तिकडेच ओढ घेतो. एकदा तिने विचारलं, ती चहाची ओळ परत घालून देऊ का? सर म्हणाले, “नको. तुला वाटेल तेव्हा तूच विचार.”

आता तुमच्याकडे वळतो. आपण देव कसा मांडलाय? मखर आपल्या आवडीचं, मुकुट आपल्या मापाचा, दिव्यांची माळ, आरतीला बटण! सगळी पॅकेजं जोडून झाली. आणि हाक? हाक कोणी मारली? मूर्ती लखलखते, म्हणून आपल्याला वाटतं, तो आहेच. आणि तो तिकडे वाट बघत बसलाय, की हा माणूस सजवणं थांबवून एकदा मला बोलावील. देवाचं राहू द्या. तुमच्या घरात कोणाचा स्वेटर घडी करून ठेवलाय? कोणाची खोली झाडून रिकामी ठेवलीय? ते माणूस हयात आहे ना? मग स्वेटरशी काय बोलता?

प्रत्येक कीर्तनात बुवा सांगतो, फोन बंद करा. आज आरतीला अजून थोडा वेळ आहे. मंडळी, फोन चालू करा. मी थांबतो.