टायगरला आशीर्वाद

मंडळी, आधी एक सांगा. देवाच्या दारात आपण आशीर्वाद मागतो — पण भावाची वाट बंद राहावी म्हणून मागितलेला आशीर्वाद देव देतो का? लगेच माना हलवू नका. मागच्या बाकावर दोघं-तिघं खाली बघू लागले, ते मला दिसलं.

तर ऐका. वसईकडच्या एका गावात इनास परेरा नावाचे गृहस्थ होते. केळीची वाडी, टुमदार घर, चर्चच्या कमिटीवर जागा. सगळं होतं — फक्त सख्ख्या भावाशी बोलणं नव्हतं. धाकटा बस्त्याव मागच्या घरात राहायचा. दोघांची विहीर एकच, आणि विहिरीची वाट इनासच्या अंगणातून! पाण्याच्या पाळीवरून बिनसलं, आणि इनासनी वाटेवर फाटक बसवलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून कुत्रा आणला. नाव टायगर. बस्त्यावची बायको मार्तीना आता गावाला वळसा घालून नळावरून पाणी आणायची. इनास ओट्यावरून बघायचे, आणि जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे. मिटल्या डोळ्यांना तिचा हंडा दिसत नाही ना!

संत फ्रान्सिसचा सण आला. हा संत पाखरांनाही भाऊ म्हणायचा. त्याच्या सणाला आपण चर्चच्या पटांगणात जनावरं आणतो, फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. त्या दिवशी थाट काय विचारता — एका कुत्रीला फ्रॉक, एका मांजरीला टोपलीत उशी. एका बाईंनी पोपट आणला होता. तो प्रार्थना चालू असताना त्यांच्या घरातली भांडणं जशीच्या तशी म्हणून दाखवत होता. बाईंनी शेवटी पिंजऱ्यावर ओढणी टाकली.

इनासनी टायगरला आंघोळ घातली, नवा पट्टा बांधला. पटांगणात घाण नको म्हणून सकाळपासून उपाशी ठेवला. कमिटीवाले, तेव्हा रांगेत पहिले! पण मनात चिंता होती. टायगर हल्ली भुंकत नव्हता. फाटकापलीकडे पाऊल वाजलं की शेपूट हलवायचा.

फादर ज्योकीमनी विचारलं, "इनास, याच्यासाठी काय मागू?"

"याचा आवाज पुन्हा चढू दे, फादर. हल्ली राखण करत नाही."

"राखण कोणापासून?"

इनास घुटमळले. "असतात एकेक लोक."

फादरनी पाणी शिंपडलं. गार थेंब नाकावर पडले, तसा टायगर दचकला, हिसडा दिला, आणि पट्ट्यासकट गर्दीत घुसला. बायकांनी मुलं कडेवर घेतली. टायगर सुटला तो थेट मागे — जिथे बस्त्याव आणि मार्तीना आपली शेळी घेऊन उभे होते. इनास टाचा उंचावून बघू लागले. भावजयीला कुत्रा चावावा अशी त्यांची इच्छा नव्हती... निदान चारचौघांत तरी नव्हती.

आणि टायगरनं काय केलं? मार्तीनाच्या पायाशी लोळण घेतली. पोट वर, पाय हवेत!

ती त्याची मान खाजवत म्हणाली, "आज भाकरी घरीच राहिली रे बाबा."

इनासनी हाक मारली, "टायगर, इकडे ये." टायगर हलला नाही. मग काय करणार? गेले बिचारे चालत, सगळ्या गावासमोर, भावाच्या पुढ्यात.

"तू याला खायला घालतेस?"

"फाटकाच्या फटीतून घालते, भाऊजी," मार्तीना म्हणाली. "तुम्ही दुपारी झोपता, तेव्हा भुकेनं रडतो तो. आमचं भांडण त्याच्याशी कुठं आहे?"

मंडळी, इनास कुत्र्याला रागावायला गेले होते. पण आता त्यांच्या ध्यानात आलं — जिला अडवायला कुत्रा ठेवला, तीच त्याला भरवत होती, आणि आपण ओट्यावरून तिचा हंडा बघत बसलो होतो.

बस्त्यावनं पट्टा उचलला आणि पुढे केला. इनासनी तो घेतला नाही.

"तूच आण याला घरी," ते म्हणाले.

बस्त्यावनं विचारलं, "कुठल्या वाटेनं?"

"अंगणातल्या."

म्हणजे इनास लगेच संत झाले का? नाही हो. फाटक काढलं, पण गावात सांगत फिरले की ते गंजलं होतं! माणूस आहे, कुत्र्याइतका पटकन कसा सुधारणार?

आता तुमचं बघा. त्या मुक्या जनावराच्या नाकावर चार थेंब पडले, तर ते माया करणाऱ्याकडे धावत सुटलं. तुमच्या-माझ्या डोक्यावर तर बाप्तिस्म्याचं भांडंभर पाणी ओतलंय. आपण कुठवर पोचलो? कोणाची वाट अडवलीय ते मला सांगू नका. आज घरी जाताना फक्त त्या बाजूनं जा.