सांबरखिंडीतला पांढरा गोळा

ऐका. सरका जवळ. आन पाठ अंधाराकडं करून बसा रं, न्हाईतर गोष्ट राहील बाजूला आन झाडीच बघत बसाल.

हैबती शेलार आपल्या वरच्या आळीचा. त्याच्याकडं मिलटरीची जुनी गाडी व्हती, लिलावात घेतलेली. हिरवी, लांब नाकाची, रेड्यासारखी हट्टी. इंजिनाची तक्रार न्हाई कधी. पण दिवे! देवा रे देवा, काय ते दिवे! डावा इंडिकेटर लावला की उजवा पेटायचा. ब्रेक दाबला की पुढचे दोन्ही मंद व्हायचे, वाऱ्यात निरांजन धरल्यागत. हैबती वायरिंग सोताच करायचा. तासंतास गाडीखाली आडवा.

आन त्या गाडीला एक वेगळाच दिवा व्हता. मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी गोळा असतो ना, तो पांढरा रंगवलेला, आन त्यावर उजेड पडंल असा एवढुसा दिवा. लढाईत वरनं विमानाला दिसू नये म्हणून गाड्या समदे दिवे बंद करून रांगेनं जायच्या. मग मागच्यानं पुढचा कसा ओळखायचा? तर तो पांढरा गोळा बघत बघत जायचं. दुसरं काय दिसायचंच न्हाई. हैबतीचा तो दिवा कधी पेटला न्हवता. वायर उंदरानं कवाच खाल्लेली.

तर गुळाचा हंगाम. ढेपा भरल्या, सकाळी बाजार गाठायचा. दिस बुडाला, जेवणं झाली, आन हैबती निघाला. संगं बायको, चंद्रा. अमावस्या व्हती का, इचारता? न्हाई बाबा. भुताला पंचांग लागतंय व्हय!

सांबरखिंडीच्या तोंडाशी रस्ता फुटतो. उजवा नवा, डांबरी. डावा मिलटरीनं केलेला जुना. हैबती तिथं पोचला, आन... टिक. टिक. टिक.

डावा इंडिकेटर. आपसूक!

चंद्रा पेंगत व्हती, ती जागी झाली. "अवं, डाव्या अंगाला कशापायी?"

"म्या कुठं लावलाय? अर्थिंगची वायर सुटली असंल."

उतरला. ती वायर सोडली, गंज खरवडला, बोल्ट आवळला. बसला. टिक. टिक. फ्यूज काढला. टिक. टिक. शेवटी फ्लॅशरची डबी, जी टिकटिकती ती, उपटूनच काढली अन् चंद्राच्या हातात दिली.

टिक, म्हणाली डबी. तिच्या तळहातात! ना वायर, ना बॅटरी!

"जित्ती हाय वो ही!" चंद्रानं डबी खिडकीतनं भिरकावली. आन तेवढ्यात पुढचे दिवे गेले. फट्दिशी. हैबतीच्या हातातलं स्टेरिंग गरागरा डाव्या अंगाला वळलं. आवरंना! गाडी जुन्या वाटंला लागली.

काळाकुट्ट काळोख. वर झाडांचं छप्पर. हैबती ब्रेकवर पाय नेणार, तर समोर काय दिसावं? पांढरा गोळा. चंद्र रस्त्यावर उतरलाय आन पुढं पुढं चाललाय, असा. हैबतीला वाटलं, सुटलो! कुणीतरी हाय पुढं. माणसाचं असंच असतं बघा. डोळ्याला एकच उजेड दिसला की तो त्याच्याच मागं जातो.

मग त्यानं आरशात बघितलं.

मागं गाड्या. एकामागं एक, काळी नाकं, वळणापतोर रांगच रांग. आन सगळ्या त्याच्याच गाडीच्या बुडाकडं बघत येत्यात. कारण त्याच्या गाडीखाली तो मेलेला दिवा पेटलेला! मागच्या रस्त्यावर दुधासारखा उजेड सांडत व्हता.

हैबती भ्याला? भ्याला तर व्हताच. पण नंतर सांगायचा, "मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात पाय टाकल्यावर होतं ना, तसं झालं."

"अवं," चंद्रा हळूच म्हणाली, "पाणी ऐकाया येतंय."

"ओढा असंल."

"खालनं येतंय. लई खालनं." आन तिनं त्याचा दंडच धरला. "माझं म्हायेर ह्या खिंडीपल्याड हाय! ह्या वाटंवर पूल न्हाई! लढाईच्या साली पुरात गेला, त्याच रात्री फौजेच्या गाड्या आल्या, एकीमागं एक... थांबवा! थांबवा वो!"

हैबती ब्रेकवर उभाच राहिला. गाडी घसरली, कुरकुरली, थांबली. इंजिन बंद पडलं. पुढचा पांढरा गोळा मात्र तसाच गेला, सरळ, हवेतनं!

आन मागच्या गाड्या? त्या थांबल्या न्हाईत. त्या आल्या त्या ह्यांच्या गाडीतनं आरपार गेल्या! ऐकताय नव्हं? आरपार! भिजलेल्या ताडपत्रीचा वास आला, डिझेलचा आला, हाडं गारठली. बाकावर जवान बसलेले, तरणी पोरं, कुणी मान टाकून निजलेलं, कुणी गुणगुणतंय. त्यांचे गुडघे चंद्राच्या पदरातनं गेले. तिनं हात जोडले. डोळ्याला धारा लागल्या तिच्या, आन का ते तिला कधी सांगता आलं न्हाई.

शेवटची गाडी तेवढी आरपार जाऊन ह्यांच्या पुढं थांबली. रांगेत शेवटची गाडी मदतीची असती, बंद पडलेल्याला ओढून न्यायला. तिच्यातनं एक उंच डायवर वाकला.

"बिघडली का, भाऊ? भिऊ नको. कुणाला मागं ठेवत न्हाई आपण."

नको म्हणायच्या आत लोखंडी दोर पुढं अडकलासुदिक! गाडी हलली. ब्रेक दाबलेला, चाकं जाम, तरी गाडी खडीवरनं खरडत निघाली. पाण्याचा आवाज वाढला.

"चंद्रे, ब्रेकवर दोन्ही पाय दे! सोडू नको!" हैबतीनं उडी टाकली. बॅटरीची पेटी पायरीखाली. झाकण उघडलं. इंडिकेटरची वायर हिसडून तोडली, दातानं सोलली. चालत्या गाडीसंगं पळतोय, ठेचाळतोय! एक टोक पुढच्या दिव्याच्या मागं खुपसलं. दुसरं बॅटरीवर टेकवलं. ठिणगी उडाली. हातातनं निसटलं. पुन्हा टेकवलं. बोटं भाजली, पण सोडलं न्हाई.

आन दिवा लागला! लखलखीत!

"दिवा बंद कर!" तो डायवर ओरडला. आन ओरडता ओरडता त्याची नजर उजेडाच्या मागं गेली.

समोर दगडी खांब व्हता. मोडका. पुढं काहीच न्हाई. निस्ता अंधार, आन खोल खाली पाणी.

दोर ढिला पडला. इतकी वर्सं ती रांग अंधारातनंच जात व्हती, बघा. तिथं काय हाय, ते त्यानं कधी बघितलंच न्हवतं.

डायवर मग खाली उतरला, दोर सोडला, गुंडाळला.

हैबती वायर धरूनच म्हणाला, "दादा, तुमीबी नका जाऊ. बघितलंत न्हवं? पूल न्हाई."

डायवरनं पल्याडच्या काठाकडं मान केली. "माझी माणसं पुढं गेल्यात, भाऊ."

आन गाडीत बसून गेला. हवेतनं, मुंगीच्या चालीनं. त्याचा पांढरा गोळा त्या पोकळीवरनं पार पल्याड गेला, झाडीत शिरला, दिसंनासा झाला. हैबतीच्या गाडीची पुढची चाकं कड्यापास्नं हातभर आत व्हती. उजाडंस्तवर दोघं तिथंच बसली, एकमेकांचा हात धरून.

तवा ऐका. सांबरखिंडीत डाव्या वाटंला जाऊ नका. कितीबी घाई असंना, कुणी कितीबी उजेड दावंना. त्या वाटंवरची भुतं वाईट न्हाईत, तेच तर भ्यावं असं हाय. अडल्याला टाकून ती जातच न्हाईत. दोर टाकत्यातच.