हँडब्रेक

नाही, चेष्टा करत नाहीये मी, खरंच सांगतो — सही कर. पाच वर्षांचा करार, लांबचा रूट, बावीस दिवस बाहेर आणि चार दिवस घरी, हेच लिहिलंय ना त्या कागदावर? मग घोळ कसला घालतोस? बस ना, त्या फोमवरच बस, त्याला काही होत नाही, ट्रकच्या सीटसाठी आणलाय तो. मी शिवता शिवताच बोलतो, रेक्झिन एकदा ताणून धरलं की सोडता येत नाही. तर तुझं म्हणणं काय — काका, मुलगी आठ महिन्यांची आहे, जाऊ का नको? जा. मुलगी कुठे पळून चाललीय? ती दूध पिईल, झोपेल, दात येतील, भिंतीला धरून उभी राहील — हे सगळं ती तुझ्याशिवायही करेल. करतात पोरं, मी बघितलंय. म्हणजे बघितलं नाही, ऐकलंय. फोनवर.

आणि मला विचारायला कुणी पाठवलं तुला? वडिलांनीच ना? वाटलंच. उजवा हात उचलत नाही, अर्धे शब्द तोंडातच राहतात म्हणतोस, तरी माझं नाव बरोबर बाहेर आलं. मी सांगू का त्यानं तुला का पाठवलं? त्याचा हिशोब सरळ आहे — अकरा वर्षं लांबच्या रूटवर घालवलेला माणूस, पाठीची वाट लागली म्हणून आता सीटा शिवत बसलेला — हा पोराला नको म्हणेल, पोरगं घराजवळ काम बघेल, आपली खुर्ची उन्हात सरकवायला कुणीतरी असेल. म्हणून तर मी हो म्हणतोय. लपवत नाही तुझ्यापासून. तुझ्या बापाला खिडकीशी बसून तुझी वाट बघू दे. बावीस दिवस. मग चार दिवस बघितलं न बघितलं, की पुन्हा बावीस.

उठू नकोस. विचारायला आलास ना, मग ऐकून जा. घरी तुला यातलं कुणी काही सांगितलेलं नसणार, तुझ्या चेहऱ्यावरच दिसतंय.

तुझा बाप आणि मी एका गाडीवर होतो. दोघं ड्रायव्हर, आलटून पालटून. तो माझ्याहून चांगला चालवायचा, हे कबूल करतो, गियर टाकला तर शेजारच्याच्या कपातला चहा हलायचा नाही. आणि एक दिवस, भर दुपारी, घाटाच्या माथ्यावर, मागे तीस टन सिमेंट — यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि रडायला लागला. रडला म्हणजे कसा, स्टेअरिंगवर डोकं ठेवून, पोरासारखा. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, अरे झालं काय तुला? तर म्हणतो, मला घरी जायचंय. तू तेव्हा आठ दिवसांचा होतास. हो, तूच. तुला त्यानं एकदाच बघितलं होतं, दवाखान्यात, आणि दुसऱ्याच दिवशी गाडीवर आला होता. मी त्याला बाजूला सरकवलं, घाट मी उतरवला, आणि यार्डात पोचल्या पोचल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ही गोष्ट सांगितली — नक्कल करून, स्टेअरिंगवर डोकं ठेवून. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं हँडब्रेक. ते मी पाडलं. गाड्या धुणारी पोरंसुद्धा त्याला हँडब्रेक म्हणायची. तुझ्या आईलासुद्धा बाजारात कुणीतरी म्हणालं, हँडब्रेकची बायको. हे मला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तरी मी हसलोच असतो, खोटं कशाला बोलू — पंचविशीत होतो, मला अजून मूल नव्हतं.

सहा महिन्यांत तो गाडीवरून उतरला आणि ऑफिसात लागला. भिंतीवर काळा फळा होता — डावीकडे गाडीचा नंबर, मध्ये रूट, उजवीकडे ड्रायव्हरचं नाव. नावं लिहायचं काम त्याच्याकडे आलं. आणि पहिल्याच सोमवारी मी जाऊन बघतो तर सगळ्यात लांबच्या रूटपुढे माझं नाव. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीला तेच. बाकीच्यांची नावं फिरायची, माझं नाही. तुझा बाप माझ्याकडे न बघता विचारायचा — काही अडचण? आणि मी म्हणायचो, मला कसली अडचण? मला काय रडू येतंय? असा माज होता. मग मला मुलगी झाली आणि माज उतरला, पण तोवर त्याचं अक्षर पक्कं झालं होतं.

तू संध्याकाळी बापाच्या खांद्यावर बसून फिरायचास, मला माहितीये, मी यार्डातून निघताना कितीदा बघितलंय. माझी पोरगी मला बघून आईच्या मागे जायची आणि तिला विचारायची — हे कधी जाणार? मला नाही, आईला. दोन वर्षांची होती. बाबा नाही, हे.

त्याच वर्षी तिला ताप आला. साधा ताप नव्हता, पण पहिल्या दिवशी ते कुणाला कळतं? बायकोनं शेजारच्यांच्या घरून ऑफिसात फोन केला — त्यांना सांगा, शेजारी फोन करा, पोरीला दवाखान्यात हलवायचं का विचारायचंय. तिनं तीनदा फोन केला. ऑफिसात फोन घेणारी बाई होती, तिनं तिन्ही वेळा चिठ्ठी लिहून तुझ्या बापाच्या टेबलावर ठेवली, पेपरवेटखाली. त्या बाईनंच मला नंतर सांगितलं, रडत रडत. आणि मी काय करत होतो? मी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी बूथवरून ऑफिसात फोन लावून विचारत होतो — निरोप काही? आणि तुझा बाप सांगत होता — नाही, सगळं ठीक. तीनदा. तो आवाज अजून आहे माझ्या कानात. सगळं ठीक.

का म्हणजे? मी विचारलं की त्याला. कॉलर धरून विचारलं. म्हणाला, तू माल रस्त्यात टाकून निघाला असतास, मी बदली माणूस शोधत होतो, आज मिळेल उद्या मिळेल करत राहिलो. असेल खरं. पण त्याला बघून मला वाटलं, याला त्या पेपरवेटकडे बघताना बरं वाटलं असणार. एक दिवस तरी बरं वाटलं असणार. आणि इकडे माझी बायको पोर मांडीवर घेऊन वाट बघत बसली होती — फोन येईल, मग ठरवू. पाचव्या दिवशी शेजारच्यांनी उचलून नेलं. जीव वाचला. दोन्ही कान गेले.

पाणी पी. तो माठ तिकडे आहे.

म्हणून म्हणतो, सही कर. तुझ्या पोरीनंही विचारू दे, हे कधी जाणार. तुझ्या बापानं ते ऐकावं, त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून, आणि त्याला उठता येऊ नये. सत्तावीस वर्षं मी याचीच वाट बघत होतो, आणि तू आपल्या पायांनी चालत आलास, कागद हातात घेऊन.

काय? ती? ती बरी आहे. चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासते, नवरा आहे, एक मुलगा आहे. येते कधी कधी. हातांनी बोलते, भरभर, खूप बोलते म्हणे. मला नाही येत ती भाषा. बायकोला येत होती, दोघी माझ्यासमोर तासन्‌तास बोलायच्या, हसायच्या. मी कधी शिकणार? मी रस्त्यावर होतो, अकरा वर्षं—

हो. हिशोब बरोबर आहे तुझा. ती आजारी पडली तेव्हा लांबच्या रूटवर माझी तीनच वर्षं झाली होती. उरलेली आठ त्यानंतरची.

त्याचं काय आहे — आजारानंतर वर्षभरानं तुझ्या बापानं मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाला, जवळचा रूट मोकळा झालाय, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, तुझं नाव लिहितो. खडू हातात होता त्याच्या. आणि मी म्हटलं, नको. राहू दे आहे तेच.

बायकोला सांगितलं, अजून देत नाही तो. दर वर्षी सांगितलं. ती बिचारी शेवटपर्यंत त्याला शिव्या घालत होती, तीन वर्षांपूर्वी गेली, तोवर. का नको म्हटलं ते मला विचारू नकोस. घरी मी पाहुण्यासारखा बसायचो. त्या दोघींचे हात चालायचे आणि मला कळायचं नाही की हसतायत कशाला. गाडीत मला सगळं येत होतं. कुठला आवाज चाकाचा, कुठला पट्ट्याचा, सगळं कळायचं. घरातलं काहीच कळत नव्हतं, आणि शिकायला बसायचं म्हणजे तीन वर्षांच्या पोरीसमोर चुकायचं. मला चुकायचं नव्हतं. एवढंच होतं.

हे कुणाला बोललो नव्हतो मी.

हे बघ, तू हे घरी सांगायचं नाहीस. ऐकतोयस ना? कागदाचं तुझं तू बघ, सही कर नाहीतर फाडून टाक, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण मी जवळचा रूट का नको म्हटला, ते त्याला बोलायचं नाही. त्याला आठवत असेल की मी नको म्हटलं होतं, तर त्याला वाटतंय की मी रागानं म्हटलं, त्याच्यामुळे म्हटलं. सव्वीस वर्षं त्याला तेच वाटतंय. वाटू दे. मरेपर्यंत वाटू दे. त्यानं विचारलं काका काय म्हणाले, तर सांग, काही बोलले नाहीत, शिवत होते.

आता ऊठ. मला ही सीट आज द्यायचीय. आणि दार जाताना वरून ढकलून लाव, खालून लागत नाही ते.