दोन्ही लिंका मीच काढल्या

नाव ओळखपत्रावरून उतरून घेतले आहे. लोकांत ओळख 'पाना'. वय ५७ वर्षे. धंदा गाड्यांची दुरुस्ती. राहणार वजनकाट्यासमोर, स्वतःच्या गॅरेजच्या माडीवर. मी आज दुपारी दोन वाजता आपणहून ठाण्यात आलो, मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष हजर राहून सांगतो की,

गॅरेज मी आणि माझी मुलगी, वय २६, मिळून चालवतो. तिची आई हयात नाही. मुलीच्या लग्नाला दीड वर्ष झाले. जावई चष्म्याची भिंगे घासण्याचे काम करतात. गाड्यांतले त्यांना ओ की ठो कळत नाही, तरी मुलीच्या प्रत्येक शर्यतीला येतात आणि वेळेची वही तेच लिहितात. मी चेष्टेने म्हणायचो, "जावईबापू, वही तुम्ही सांभाळा, गाडी आम्ही सांभाळतो." ते हसायचे. माणूस फार चांगला आहे, हे लिहून घ्यावे.

शर्यत चारशे मीटर सरळ पट्टीवर, दिवसा, रीतसर परवानगीने होते. मुलगी रोजच्या वापरातली गाडीच तिथे पळवते आणि त्याच गाडीने घरी येते. गाडीत ताकद रग्गड, पण ती रस्त्यात उतरत नव्हती. सुटताना मागची चाके जागच्या जागी फिरायची, धूर व्हायचा आणि शेजारची गाडी निघून जायची. आम्ही मागे मऊ रबराचे टायर घातले, पट्टीवर गेल्यावर त्यांतली हवा बत्तीसवरून अठरावर आणायचो, सुटण्याआधी टायर फिरवून तापवायचो. तरी चाके घसरतच होती.

एक उपाय राहिला होता. गाडी वळणावर कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांमध्ये एक आडवा दांडा असतो. तो दोन्ही टोकांना वीतभर लांबीच्या लिंकांनी जोडलेला असतो. त्या लिंका काढल्या की सुटताना गाडीचे नाक मोकळेपणी वर उठते, वजन मागच्या चाकांवर बसते आणि चाके रस्ता धरतात. सरळ पट्टीवर याने काही बिघडत नाही. वळणाच्या रस्त्यावर मात्र अशी गाडी एका अंगावर लवंडते आणि मागून सुटते. हे मला माहीत होते. गॅरेजात कोणीही विचारले असते तर मी हेच सांगितले असते.

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे. पट्टीसाठी गाडीचा जो भाग काढू, त्याचे नट किल्लीच्या तारेत ओवायचे. तार रिकामी झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. नियम माझाच आहे.

रविवारी सकाळी पट्टीवर मुलगी जावयांकडे बोट करून म्हणाली, "बाबा, आज तेरा सेकंदांच्या आत नाही आले तर ही शेवटची. मग आम्ही ह्याच्या कामाच्या गावी राहायला जातो. ह्याची किती ओढाताण करायची?" मी म्हणालो, लिंका काढून बघू. ती म्हणाली, "लिंकांना हात लावायचा नाही हं. ह्याच गाडीनं घरी जायचंय." मी बरं म्हणालो.

पहिल्या फेरीला १३.४ सेकंद, दुसरीला १३.३. तिसऱ्या फेरीच्या आधी चालकांना सूचना ऐकायला बोलावले, जावई तिच्याबरोबर गेले. तेवढ्या पंधरा मिनिटांत मी गाडीखाली शिरून दोन्ही लिंका काढल्या. नट तारेत ओवले असते तर तिला कळले असते, म्हणून नटांसकट लिंका माझ्या अंगरख्याच्या खिशात टाकल्या. तिने जाऊ नये असे मला वाटत होते. दुसरे कारण नाही.

तिसरी फेरी १२.८ आली. चाके जागच्या जागी फिरलीच नाहीत. मुलगी गाडीतून उतरून धावत आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, सुटायचं कसं ते आज कळलं मला!" तेव्हा दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. मी तेव्हा तोंड उघडायला हवे होते. तिचा चेहरा बघून धीर झाला नाही. वाटले, ती जेवायला बसेल तेव्हा गुपचूप बसवून टाकू. दहा मिनिटांचे काम.

इतक्यात पट्टीवर कोणाच्या तरी गाडीचा गिअरबॉक्स अडकला आणि भोंग्यावर "पाना कुठाय?" अशी हाक आली. मी गेलो. वाटले होते पाच मिनिटे, लागली पंचवीस. परत आलो तर गाडी जागेवर नव्हती. फाटकावरच्या माणसाने निरोप दिला, "जावयांना कामावर जायचंय, ते दोघं पुढं गेले." तिने निघताना टायरमध्ये हवा भरली होती, ती नेहमी भरते. तार रिकामी होती, तिने किल्ली फिरवली. तिची काहीही चूक नाही.

मी चार वेळा फोन केला. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही, हे मीच शिकवलेले. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन मी मागे निघालो. लाकडाच्या वखारीच्या वळणावर गर्दी दिसली. सायकलवाल्याला वाचवायला तिने गाडी वळवली होती. गाडी मागून फिरून जावयांच्या बाजूने खांबावर आदळली होती. मुलगी त्यांचे डोके दोन्ही हातांत धरून बसली होती. तिचा हात मोडला होता, हे तिला माहीतच नव्हते. दोघांना इस्पितळात नेले.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, गाडी तुफान वेगात होती, टायर किंचाळत होते, हे वखारवाल्याचे म्हणणे मला मान्य नाही. मऊ टायर पन्नासच्या वेगालाही ओरडतात. वखारवाल्याने जन्मात कधी टायर बदलला आहे का, हे त्याला विचारावे.

लिंका गाडीवर नाहीत असे तपासणीत निघाल्यावर साहेबांनी काल इस्पितळात मुलीला विचारले. मी दाराशी उभा होतो. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मीच काढल्या. बसवायच्या राहिल्या." तो जबाब खोटा आहे. ती मला वाचवते आहे. मी तिथेच ओरडायला हवे होते. कालही माझे तोंड उघडले नाही, रात्रभर इस्पितळाच्या जिन्यावर बसून राहिलो. दोन्ही लिंका आणि चार नट मी आज टेबलावर ठेवले आहेत. ते माझ्या खिशात कसे आले, हे तिला सांगता येणार नाही.

जबाब चालू असताना चार वाजून दहा मिनिटांनी इस्पितळातून फोन आला. जावई वारले, असे साहेबांनी मला सांगितले. मला पाणी दिले. आता गुन्हा मोठा होईल, जबाबात काही बदलायचे असेल तर आत्ता बोला, असे साहेब म्हणाले. मी म्हणालो, बदलायचे नाही. गुन्हा माझ्या नावावर लिहा. हात जोडून सांगतो, तिच्या नावावर लिहू नका.

मुलीला जावयांचे अजून कळवलेले नाही, असे साहेबांकडून समजले. ते मी सांगतो असे मी म्हणालो आहे. तिसऱ्या फेरीची वेळ कशाने आली, तेही मलाच सांगावे लागेल.

हा जबाब मला सावकाश, एकेक ओळ वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, कोणी धाक घातलेला नाही. माझा जबाब खरा आहे. माझ्या मुलीचा खरा नाही. सही करून मी तिच्याकडे जातो, तिथून परत इथे येतो.