सोबतीला आलेली

लेकीच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात बसले होते. ती मांडीवर झोपली होती, म्हणून न हलता शेजारच्या आजी-आजोबांचं ऐकत राहिले.

"अगं, फाइल दे. गुडघ्याची कहाणी पहिल्यापासून सांगायला हवी."

"ते दिवस गेले. पूर्वी दर खेपेला नवा चेहरा असायचा. आता आरोग्य मंत्रालयाने एका घराला एकच डॉक्टर दिलाय. मॅडमना तुमचा गुडघा माझ्याइतकाच पाठ आहे."

"बिचारी."

"बिचारी मी. तिला पगार मिळतो."

"जिन्यात परत धाप लागली ना तुला? सांग तिला."

"मी सोबतीला आलेय. उगाच माझं काढू नका."

"मग मी सांगतो."

"तुम्ही गुडघ्यापुरतं बोला."

तेवढ्यात सिस्टर दारात आली.

"आजी, चला आत."

"नंबर ह्यांचा आहे, बाई."

"मॅडमनी तुम्हाला आधी बोलावलंय. मागच्या वेळी आजोबांना तपासताना तुमचा श्वास ऐकला त्यांनी. विचारेपर्यंत तुम्ही निसटलात म्हणे."

"अहो, ऐकलंत का? मॅडमना माझं काय पडलंय?"

"घराला एकच डॉक्टर, तूच म्हणालीस. ती पिशवी दे इकडे. आज सोबतीला मी आलोय."