नुसरतची ओळ

...आणि म्हणे एका क्लिकचं काम! तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्यानं काढलं ना, त्याला माझ्यासमोर उभा करा. करायचा कशाला, तो आमचा आवेजच, लोणावळ्याच्या आमच्या जमातीचा सेक्रेटरी. "नसीरचाचा, सगळी यादी आता कॉम्प्युटरवर घेतलीय. नावापुढे एक रकाना, हयात नाहीतर मयत. चाचींचं तेवढं तुम्हीच बदला. हयात शोधायचं, मयत टाकायचं. एका क्लिकचं काम." चाची म्हणजे माझी नुसरत. तिला जाऊन चाळीस दिवस झाले, नुकताच चाळिसावा केला होता. मी जन्मभर चिक्कीचे पुडे बांधलेले, मला काय ठाऊक कुठलं बटण एकाचं आणि कुठलं सगळ्यांचं? डोळ्यांत पाणी, दिलं दाबून. वर सेव्ह करून बंदही केलं... नीटनेटका ना मी!

सकाळी अकबरी मावशी दारात. "आरं नसीर, जमातीचा शिधा आणाया गेलते, तर आवेज म्हनतो, यादीत तुमी मयत. मी मेलेय, मग ह्यो गुडगा कुनाचा ठनकतोय?" सहाशे बारा माणसं, तुम्हाला सांगतो, एका फटक्यात खलास. त्यात खुद्द आवेज.

मग काय, उलटं केलं. मयत शोधलं, हयात टाकलं. एका क्लिकचं काम! तर अख्खं कब्रस्तान उठून बसलं. माझे अब्बा हयात, आवेजचे दादाजान हयात. आवेजनं कपाळाला हात लावला. "चाचा, आता जुनं रजिस्टर घ्या आणि एकेक करा."

बसलो चार दिवस. एकशे त्रेचाळीस माणसं, एकेकाला हातानं पोचवायचं... अब्बांना तर दुसऱ्यांदा पोचवलं, जीव तुटला हो. एकशे बेचाळीस झाली. राहिली एक ओळ. नुसरत, आणि पुढे हयात. तिचे कपडे वाटून झाले, चपला कुणी नेल्या कळलंही नाही, शेजारीपाजारी ‘होती’ म्हणायला लागले. त्या एवढ्याशा रकान्यात तेवढी ती अजून आहे. तुम्ही बदलाल?

आवेज रोज विचारतो, "चाचा, एकच राहिलंय ना? एका क्लिकचं काम." मी म्हटलं, माउस बिघडलाय. काल पठ्ठ्या नवा माउस घेऊन आला. म्हटलं, ठेव तिथं... आता चष्मा सापडत नाही.