शेजारच्या सीटवरचे साहेब

मंडळी, आज देवाला मध्ये न घेता एक प्रश्न विचारतो. गाडी तुझी — कबूल! डिझेल तुझं — कबूल! पण तुझ्या शेजारची सीट रिकामी आहे, आणि रस्त्यात म्हातारं माणूस उन्हात उभं आहे. मग ती सीट कोणाची? का रे, माना खाली का गेल्या? अजून तर मी कोणाचं नावही घेतलं नाही!

तर ऐका. तांबूळवाडी नावाचं गाव. घरोघरी गाड्या झाल्या, एसटीत बसायला कोणी उरेना, म्हणून एसटी बंद झाली. आणि एसटी बंद झाली म्हणून लोकांनी आणखी गाड्या घेतल्या! आहे का तोड या अकलेला? आता ज्यांच्याकडे गाडी नाही, ते फाट्यावर उभे. बघतायत — ही गेली, ती गेली. प्रत्येक गाडीत एकच माणूस, आणि तोही मान वळवून पलीकडची ज्वारी बघतोय. वर्षभर ज्वारी!

याच गावात दिगंबर ढोबळे. तालुक्याला पतसंस्थेत नोकरी. रोज एकटा जाणार, एकटा येणार. मागच्या सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही — मळेल म्हणून! फाट्यावर कोणी हात केला की हा म्हणे, "पुढं साहेबांना घ्यायचंय." रोज तेच! शेवटी लोक विचारू लागले, "दिगूभाऊ, दाखवा तरी तुमचे साहेब!"

मग या पठ्ठ्यानं काय केलं? पोत्यात पेंढा भरला, त्यावर कोट चढवला, टोपी, काळा चष्मा, मफलर — आणि बुजगावणं शेजारी बसवून वर पट्टा लावला! फाट्यावर जाऊन काच खाली करतो अन् म्हणतो, "साहेबांना गर्दी सोसत नाही हो."

आणि लोक? लोक हात जोडायला लागले! "साहेब कसे एक शब्द बोलत नाहीत! फार मोठे असणार!" हसू नका. न बोलणाऱ्याला मोठा समजायची खोड आपल्याकडेही आहे.

आता या ढोबळ्याची बायको, मालन. वर्षभर शिवण शिकली. तालुक्याला अकरा वाजता परीक्षा. पास झाली, की शाळेच्या गणवेशांचं काम तिच्या हाती येणार. नाही गेली, तर वर्ष बुडालं! वडापची, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेणारी एक जीप होती, ती नेमकी लग्नाच्या वऱ्हाडात गेली.

"अहो, मला तेवढं न्या ना!"

"तुला कुठं बसवू? साहेब असतात."

"अहो, पेंढ्याला साहेब म्हणताय! मला मागं बसवा."

"आज तू बसलीस, की उद्या अख्खं गाव दाराला लटकेल. तू पुढच्या वर्षी दे परीक्षा."

मालनच्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा वर्षं या माणसाला गरम भाकरी वाढली, आणि गाडीत जागा कोणाला — तर पेंढ्याला! पण ती भांडली नाही. हे आंघोळीला गेले, तशी गाडीतलं बुजगावणं उचलून गोठ्यात गेली. पेंढा म्हशीपुढं टाकला. साडीवर कोट, टोपी, चष्मा, नाकापर्यंत मफलर, पायांवर चादर — आणि गाडीत साहेबांच्या जागी बसली ताठ!

तुम्ही म्हणाल, बुवा, नवऱ्यानं ओळखलं कसं नाही? अरे, नवरा बायकोकडे नीट बघतो कधी? त्यानं पट्टा आवळला, वर म्हणतो, "पेंढा फुगलाय जरा!" मालननं दात आवळले.

गाडी निघाली. आणि रोजच्या सवयीनं हा पेंढ्याशी बोलायला लागला! "काय सांगू साहेब, बायको परीक्षेला निघाली होती. गावाचं निमित्त सांगितलं मी. खरं म्हणजे ती कमवायला लागली, तर मला विचारणार कोण?"

बाईच्या अंगाची लाहीलाही झाली! म्हणजे अडचण सीटची नव्हतीच, मंडळी!

फाटा आला. कोंडाबाई दवाखान्यासाठी उभी, शेजारी त्याच परीक्षेला निघालेल्या दोन पोरी. हात कोणी केलाच नाही. तिघींनी साहेबांना नमस्कार केला, झालं. गाडी पुढं सरकली, तोच मफलरमधून आवाज आला —

"थांबवा."

ढोबळ्यानं असा ब्रेक मारला, की कपाळ स्टिअरिंगवर आपटलं! "साहेब... तुम्ही... बोलता?"

चष्मा बोटभर खाली आला. वरून दोन ओळखीचे डोळे!

"मालन! अगं, चारचौघांत नको!"

"टोपी मी काढू, का दार तुम्ही उघडता?"

मंडळी, दार उघडलं! तिघी मागं बसल्या. प्लास्टिक करकर वाजतंय, पण साहेबांपुढं कोणाची बोलायची छाती होईना. शेवटी कोंडाबाई म्हणाली, "साहेब, तुमच्यासारखा देवमाणूस नाही. हा दिगू मेला एकटा असला की थांबत नव्हता!"

"माहीत आहे मला," साहेब मफलरमधून घोगऱ्या आवाजात म्हणाले.

परीक्षेच्या दारात साहेब उतरले. टोपी काढली, कोट काढला, पदर नीट केला आणि दोन्ही पोरींना घेऊन आत चालायला लागले. कोंडाबाईचं तोंड उघडं ते उघडंच! ढोबळे तिला दवाखान्यात घेऊन गेला. चौघींना परत न्यायचं होतं, म्हणून पतसंस्थेत रजा टाकून दिवसभर तालुक्यालाच बसून राहिला. गणवेशांचं काम मालनला मिळालं. आता फाट्यावर कोणी विचारलं, "दिगूभाऊ, साहेब कुठायत?" तर तो मागचं दार उघडतो आणि म्हणतो, "घरी. मशीनवर बसलेत. बसा लवकर, उशीर झाला तर मला बोलतात!"

हसलात? हसा. मी मघाशी येताना देवळाबाहेर बघितलं. इतक्या गाड्या, की नंदीला वाट नाही! एकेका गाडीतून एकेकच भक्त उतरला. आणि या खांबाजवळच्या बाया माळावरच्या वस्तीवरून पायी आल्यात. तुमच्याच रस्त्यानं! तुम्ही ज्वारी बघत होतात.

आता गजराची वेळ झाली. पण टाळकऱ्यांनो, थांबा. आज देवाचं नाव नंतर. आधी गाडीवाल्यांनी मागं वळायचं आणि मला ऐकू येईल असं विचारायचं — "मावशी, कुठं सोडू?"

हं, विचारा. किल्ल्या खिशात आहेत, जीभ तोंडात आहे. मला घाई नाही. मी या बायांबरोबर चालतच जाणार आहे.